कंट्री गिटारचे थोर वादक आणि यादीचा मोह

गिटारवादकांच्या क्रमवार याद्या करणे हा पाश्चात्त्य संगीत-नियतकालिकांचा जुना छंद आहे. दर काही वर्षांनी 'शंभर थोर वादक' निवडले जातात, कोण वगळला गेला यावरून रणे माजतात, आणि धुरळा खाली बसतो न बसतो तोच पुढची यादी येते. कंट्री संगीतापुरत्या अशा याद्याही पुष्कळ आहेत. चेट ॲटकिन्स, मर्ल ट्रॅव्हिस, डॉक वॉटसन, जेम्स बर्टन, क्लॅरन्स व्हाइट, जेरी रीड, अल्बर्ट ली, ब्रेंट मेसन, ब्रॅड पेझ्ली ही नावे त्यांत थोड्याफार फरकाने वरखाली होत असतात. या नावांबद्दल आमची तक्रार नाही. यांतला प्रत्येक जण आपापल्या जागी थोर आहेच. आमची तक्रार आहे ती ज्या गजाने ही थोरवी मोजली जाते त्या गजाबद्दल. बोटांचा वेग, सोलोची अवघड वळणे आणि स्वतःच्या नावावर निघालेल्या रेकॉर्ड्स, हा तो गज. तो रॉक संगीताच्या दुकानातून उसना आणलेला आहे. कंट्री गिटार मुळात गाण्याच्या साथीत वाढली. साथीदाराची उंची एकल वादकाच्या गजाने मोजली, तर हिशेब चुकायचाच.

कंट्री संगीताशी आपल्याकडील बहुतेकांचा परिचय जॉन डेन्व्हरपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो, म्हणून दोन शब्द पार्श्वभूमीचे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील अ‍ॅपलेशियन डोंगरांत वसलेल्या स्कॉटिश-आयरिश शेतकऱ्यांची कथागीते, त्यांच्या चर्चमधली भक्तिगीते, नाचासाठी फिडलवर वाजणाऱ्या धुना आणि शेजारच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले ब्लूज, या साऱ्यांच्या मिश्रणातून हे संगीत घडले. त्यात गोष्ट सांगितली जाते, आणि गोष्ट ऐकू यावी लागते. आपल्याकडे भावगीताला 'शब्दप्रधान गायकी' म्हणतात. तेच नाव या संगीताला शोभून दिसेल. अशा गाण्यात गिटारचे पहिले काम शब्दांना वाट करून देण्याचे. म्हणून थोर कंट्री गिटारवादक ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे. ते वादन गाण्यातून काढून घेतले, तर काय उरते? एखादी शोभेची वेलबुट्टी तेवढी गळून पडली, की घराचा खांबच गेला?

या कसोटीवर पहिले नाव येते ते मेबेल कार्टरचे. 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला. त्या बारा दिवसांना पुढे कंट्री संगीताची जन्मवेळ म्हणण्यात आले. 1 ऑगस्टला कार्टर कुटुंब तिथे गायले: ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि साराची चुलतबहीण मेबेल. मेबेल तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पहिलटकरीण होती. गाणे प्रामुख्याने साराचे, पण गाणे ज्याच्यावर उभे होते ते वादन मेबेलचे. अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच वेळी तर्जनी बारीक तारांवर घासत ठेका धरायचा, अशी तिची रीत होती. 'कार्टर स्क्रॅच' या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. त्यापूर्वीच्या डोंगरी संगीतात चाल वाजवण्याचा मान फिडलचा आणि बँजोचा. गिटारने मागे उभे राहून कॉर्ड धरायच्या. मेबेलने चाल आणि ठेका एकाच हातात आणले आणि गिटारला पुढच्या रांगेत बसवले. 1928 साली मुद्रित झालेले 'वाइल्डवुड फ्लॉवर' ऐकावे. त्यात वेग नाही, चमत्कृती नाही. परंतु नंतरच्या दोन-तीन पिढ्यांतले असंख्य वादक याच एका धुनेवर गिटार शिकले आहेत.

हिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मूळ कार्टर कुटुंबाचा वाद्यमेळ मोडल्यावर मेबेल आपल्या तीन मुलींना घेऊन कार्यक्रम करू लागली. त्या मायलेकींनी आपल्या साथीला एक अबोल तरुण गिटारवादक घेतला. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ओप्री' या प्रख्यात रेडिओ कार्यक्रमाचे त्यांना बोलावणे आले, तेव्हा तिथल्या स्थानिक वादकांना हा नवा स्पर्धक नको होता. पण त्याच्याशिवाय यायला कार्टर मंडळींनी साफ नकार दिला, असे सांगतात. अखेर 1950 साली तो त्यांच्यासोबतच नॅशव्हिलला आला. त्याचे नाव चेट ॲटकिन्स. याद्यांत पहिल्या क्रमांकावर दिसतो तोच हा. आणि ज्या बाईने त्याला बरोबर आणले, तिच्यावर पुढे पडत्या काळात रात्रपाळीने वृद्ध रुग्णांची शुश्रूषा करून चार पैसे मिळवण्याची वेळ आली.

आता मेबेलच्या पलीकडे जावे लागते, आणि याद्यांचा खरा तोकडेपणा तिथे उघडा पडतो. ब्रिस्टलपासून जवळच किंग्जपोर्ट नावाचे गाव आहे. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय तरुण तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता. ज्या ऑगस्ट महिन्यात कार्टर मंडळी ब्रिस्टलला गात होती, त्याच ऑगस्ट 1927 मध्ये कारखान्यातील अपघातात रिडलचा उजवा पाय गेला. दुखण्यातून उठता उठता त्याने गिटार हाती घेतली. पुढच्या वर्षी ए. पी. कार्टरशी त्याची गाठ पडली आणि दोघे गाणी गोळा करीत डोंगरदऱ्यांतून हिंडू लागले. शब्द ए. पी. वहीत उतरवी, चाल रिडल स्मरणात ठेवी. कार्टरांच्या घरी तो राहत असे, आणि त्याच्याकडून मेबेल गिटारच्या नव्या तऱ्हा शिकली. हे तिने पुढे स्वतःच माइक सीगर या संग्राहकाला सांगितले, म्हणून 1960 च्या दशकात रिडलचा शोध लागला. तोवर त्याने गिटार जवळजवळ सोडूनच दिली होती. सीगरने त्याचे जे मुद्रण केले ते तबकडीरूपाने बाहेर आले 1993 साली, रिडलच्या मृत्यूनंतर.

केंटकीच्या कोळसापट्ट्यातील आर्नल्ड शुल्ट्झची कथा तर याहूनही तोकडी, कारण तिच्यात मुद्रणच नाही. 1886 साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय वादक बोटींवर, खाणींत मिळेल ते काम करी आणि नाचाच्या बैठकींत फिडल व गिटार वाजवी. अंगठ्याने खर्ज सांभाळत बोटांनी चाल काढण्याची त्याची पद्धत केनेडी जोन्सने उचलली. जोन्सकडून ती मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या खाणकामगारांकडे गेली. त्यांच्याकडून ती मर्ल ट्रॅव्हिस या पोराने घेतली. रेडिओवर ट्रॅव्हिसचे वादन ऐकून चेट ॲटकिन्सने आपली शैली घडवली. ब्लूग्रास संगीताचा जनक म्हणून ज्याला मान मिळतो तो बिल मन्रोही पोरवयात शुल्ट्झबरोबर नाचाच्या बैठकींत वाजवीत असे, आणि हे ऋण त्याने उघडपणे मानले. शुल्ट्झ 1931 साली वारला. त्याच्या वादनाचा एक सूरही कुठे मुद्रित नाही.

हे निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळ्या सूची केल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची 'रेस रेकॉर्ड्स' ही एक, आणि गोऱ्या डोंगरी लोकांच्या 'हिलबिली' संगीताची दुसरी. नाचाच्या बैठकीत, खाणीच्या तोंडाशी, कुणाच्या तरी ओसरीवर हे वादक एकमेकांचे ऐकत होते आणि एकमेकांना शिकवीत होते. दुकानाच्या फळीवर मात्र त्यांच्यात भिंत उभी होती. गाण्याचा इतिहास ओसरीवर घडला, आणि लिहिला गेला तो दुकानाच्या सूचीवरून. ज्याला आपण 'थोर वादकांची यादी' म्हणतो ती पुष्कळशी मुद्रित वादकांची यादी असते, आणि कोण कुठल्या खात्यात मुद्रित व्हायचे हे संगीताने ठरवलेले नव्हते.

आपल्याकडे गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. कंट्रीतल्या वादकांना ही रीत ठाऊक नसली तरी तिच्यामागची भावना त्यांच्यापाशी भरपूर होती. ट्रॅव्हिस आपले श्रेय रेगर आणि एव्हर्ली यांना देत राहिला. ॲटकिन्सने आपल्या मुलीचे नाव ट्रॅव्हिसवरून 'मर्ल' ठेवले. डॉक वॉटसननेही आपल्या मुलाचे नाव त्याच ट्रॅव्हिसवरून 'मर्ल' ठेवले. एका घराण्याला याहून मोठी पावती कोणती हवी? ऋण फेडायला वादक चुकले नाहीत. ते खात्यावर मांडायला यादीकार चुकले.

या घराण्याची वादनरीतही समजून घेण्याजोगी आहे. ट्रॅव्हिसचा अंगठा जाड तारांवर आलटून पालटून लय धरतो, तळहाताची कड त्या तारांना किंचित दाबून त्यांचा नाद आखूड करते, आणि एकटी तर्जनी वरच्या तारांवर ठेक्याला हुलकावणी देत चाल काढते. तबलजीचा एक हात डग्ग्यावर आणि दुसरा तबल्यावर चालतो, तशी विभागणी इथे एकाच पंजात झालेली असते. ॲटकिन्सने हे रेडिओवर ऐकले तेव्हा ट्रॅव्हिस एवढे सारे एका बोटाने करीत असेल हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याने अंगठ्याच्या जोडीला तीन बोटे वापरली, आणि त्या गैरसमजातून एक नवी, अधिक मुलायम शैली जन्मली.

ॲटकिन्सच्या वादनाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तथापि त्याचे दुसरे रूप विसरता येत नाही. 1957 साली तो आरसीए कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचा प्रमुख झाला. शहरी श्रोता हातचा जाऊ नये म्हणून त्याने आणि त्याच्या समव्यावसायिकांनी कंट्री गाण्यातून फिडल आणि स्टील गिटार मागे सारली, आणि तिथे व्हायोलिनांचे ताफे व कोरस आणून बसवले. 'नॅशव्हिल साउंड' म्हणजे नेमके काय, असे विचारले असता खिशातली नाणी खुळखुळवून दाखवणारा हा माणूस स्वतःची फसवणूक करणारा नव्हता. कंट्रीची ओळख पुसली जात असल्याची चिंता पुढे त्यानेच बोलून दाखवली. कंट्रीतला बहुधा सर्वांत कसबी गिटारवादक आणि कंट्रीचा डोंगरी बाज घासून गुळगुळीत करणारा निर्माता एकच असावा, ही गुंतागुंत क्रमांकाच्या रकान्यात मावत नाही.

आता कसबाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ल्यूथर पर्किन्स हा मेम्फिसमधला मोटार मेकॅनिक. जॉनी कॅशच्या पाठीशी उभा राहून तो इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर एकेक सूर टिपत असे, संथ, सरळ, आगगाडीच्या चाकांसारखा. त्याला फारसे काही येत नव्हते, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण 1955 सालचे 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' त्याच्या त्या मोजक्या सुरांवाचून कल्पून पाहावे. कैद्याला दुरून ऐकू येणारी आगगाडी त्या गाण्यात ल्यूथरच्याच बोटांनी धावते. यावर आमचे काही मित्र म्हणतात की हा भावनेचा युक्तिवाद झाला. कमी येणाऱ्याला थोर म्हणायचे तर रियाजाला अर्थ काय राहिला? आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर एका घटनेत आहे. ऑगस्ट 1968 मध्ये घराला लागलेल्या आगीत भाजून ल्यूथरचा मृत्यू झाला. कॅशच्या ताफ्यात तेव्हा कार्ल पर्किन्स होता; ल्यूथरचा तो नातेवाईक नव्हे, पण त्याच्यापेक्षा कितीतरी सरस गिटारवादक आणि स्वतः नावाजलेला गायक. तरीही ल्यूथरची जागा मिळाली ती सप्टेंबरमध्ये आर्कन्सॉतील एका कार्यक्रमात प्रेक्षकांतून पुढे आलेल्या बॉब वुटनला. रेकॉर्ड्स ऐकून ऐकून त्याने ल्यूथरचा सूर न सूर उचलला होता, आणि पुढे जवळजवळ तीन दशके त्याने तेच वाजवले. कॅशला अधिक चांगला वादक नको होता. त्याला गाण्याचा तो खांब जागच्या जागी हवा होता.

तिसरा प्रकार स्टुडिओतल्या अनामिक वादकांचा. नॅशव्हिलमध्ये 1950 आणि 60 च्या दशकांत पंधरा-वीस वादकांचा एक चमू अक्षरशः हजारो गाण्यांना साथ करीत होता. तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी पुरी करायची, तीही बहुधा आधी न ऐकलेली. त्यासाठी त्यांनी अंकांची लिपी वापरात आणली. कॉर्डचे नाव न लिहिता स्वरस्थानाचा अंक लिहायचा. गायकाची पट्टी बदलली तरी कागद बदलायला नको. सारेगमच्या मुशीत वाढलेल्यांना यातली सोय समजावून सांगण्याची गरज नाही. या चमूतला ग्रेडी मार्टिन आमच्या मते कंट्रीतल्या पहिल्या पाचांत बसावा. मार्टी रॉबिन्सच्या 'एल पासो' (1959) या दीर्घ कथागीतात त्याची नायलॉनच्या तारांची गिटार प्रत्येक ओळीच्या फटीत काही बोलते, आणि एकदाही गोष्टीच्या आड येत नाही. दोन वर्षांनी 'डोन्ट वरी'च्या मुद्रणात ध्वनियंत्रात बिघाड झाला आणि मार्टिनच्या सहा तारी बास गिटारचा आवाज फाटका, घरघरता उमटला. तो तसाच ठेवला गेला. त्या आवाजाची नक्कल करणारे उपकरण 1962 मध्ये बाजारात आले, आणि रॉक संगीताने पुढे ज्यावर आपले साम्राज्य उभारले त्या 'फझ'ची सुरुवात अशी कंट्रीच्या एका साथीदाराकडून झाली. मार्टिनला कंट्रीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले 2015 साली, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा गोव्याकडच्या कलावंतांनी जे केले आणि त्यांना श्रेय जितक्या उशिरा मिळाले, ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये.

मग कसबाला किंमतच नाही काय? आहे, परंतु कंट्रीतले उत्तम कसबही साथीच्या गरजेतूनच निघालेले दिसते. डॉक वॉटसनचे उदाहरण घ्या. उत्तर कॅरोलायनातील डीप गॅपचा हा अंध वादक 1950 च्या दशकात एका नाचाच्या वाद्यवृंदात होता. नाचणाऱ्यांना फिडलच्या धुना हव्या होत्या, आणि वृंदात फिडलवाला नव्हता. वॉटसनने त्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर बसवल्या. फिडलच्या गजाला सहज साधणारी धाव पिकने तारेवर साधायची म्हणजे काय कष्ट असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे हेच त्याने साध्या लाकडी गिटारवर आणले, आणि तिथून 'फ्लॅटपिकिंग'ची मोठी परंपरा सुरू झाली. क्लॅरन्स व्हाइटला गिटारमधून स्टील गिटारसारखी सुराची ओढ हवी होती. म्हणून जीन पार्सन्सने त्याच्या टेलिकास्टरमध्ये अशी यंत्रणा बसवली की खांद्याचा पट्टा ताणला की एक तार चढावी. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या डॉन रिचची चमकदार टेलिकास्टर बक ओवेन्सच्या आवाजाला बिलगून चाले, आणि वर तो स्वतः ओवेन्सच्या जोडीने गातही असे. 1974 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात रिच गेला आणि ओवेन्सच्या संगीतातला जीव गेला, असे ओवेन्सच म्हणत असे.

व्हाइट ज्या ओढीमागे लागला होता ती स्टील गिटार मुळात हवाई बेटांवरची. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतील प्रदर्शनानंतर तिचे वेड अमेरिकाभर पसरले आणि कंट्रीने तिला आपलेसे केले. हिंडत्या हवाइयन वादकांबरोबर तीच गिटार कोलकात्यालाही पोचली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली'मधली काब्रांची मींड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना कंट्रीतल्या स्टील गिटारचे रडवेपण अनोळखी वाटणार नाही. दोघी एकाच आजीच्या नाती आहेत.

आता कोणी विचारील की इतके बोलता, तर तुमची यादी कोणती? यादीला नावे ठेवून यादी करणे शोभत नाही. तरी आग्रहच असेल तर आम्ही पहिले नाव मेबेल कार्टरचे लिहू. दुसरी जागा आर्नल्ड शुल्ट्झसाठी सोडून तिच्यासमोर काहीच लिहिणार नाही, कारण जे ऐकलेच नाही त्याचे गुणगान करणे खोटे ठरेल. नंतर ट्रॅव्हिस, वॉटसन, मार्टिन, ॲटकिन्स यांना वाचकांनी हवे तसे मागेपुढे बसवावे. ल्यूथर पर्किन्सला मात्र कुठेतरी जागा द्यावी.

1971 साली नॅशव्हिलमध्ये काही तरुण वादकांनी जुन्या पिढीला एकत्र बोलावून 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा संग्रह मुद्रित केला. तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. मेबेल तिथे होती, ट्रॅव्हिस होता, वॉटसन होता. वॉटसन आणि ट्रॅव्हिस तेव्हा आयुष्यात प्रथमच भेटत होते. यंत्र चालू असताना वॉटसनने ट्रॅव्हिसला सांगितले की आपल्या मुलाचे नाव त्याच्यावरून ठेवले आहे. दोघांचे ते बोलणे गाण्यांच्या मध्ये तसेच ठेवलेले आहे. एवढा एक तुकडा वाचकांनी अवश्य ऐकावा. त्या खोलीत कोण मोठा हे कोणी कोणाला विचारत नाही.